बर्फावरची गावे आणि विकले जाणारे संघ

आपल्याकडे हॉकी म्हटले की मैदान आणि ध्यानचंद आठवतात. कॅनडात हॉकी म्हणजे बर्फ. पायात पोलादी पात्यांचे बूट, हातात लांब काठी आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चपटी चकती. तिला तिथे ‘पक’ म्हणतात. दोन्ही बाजूंचे सहा-सहा जण बर्फावर उतरतात आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग इतका असतो की नवख्या माणसाला पक दिसतच नाही. लोक उठून ओरडले की गोल झाला असे समजायचे.

या खेळातली जगातली सर्वांत मोठी व्यावसायिक स्पर्धा म्हणजे नॅशनल हॉकी लीग. १९१७ साली कॅनडात चार संघांनी सुरू झालेली ही लीग आज ३२ संघांची आहे. त्यांतले २५ संघ अमेरिकेत आहेत आणि कॅनडात फक्त ७. खेळ ज्यांनी घडवला त्यांच्या वाट्याला इतका लहान हिस्सा का आला, हा प्रश्न आम्हांला टोरांटोला भाच्याकडे राहायला गेल्यावर पडला. त्याच्या घरात हिवाळाभर दुसरा विषयच नव्हता. मग आम्ही दोघांनी ठरवले की फिरायचेच आहे तर या प्रश्नाच्या मागे फिरू. मॉन्ट्रियल, क्युबेक सिटी, लंडन आणि विनिपेग अशी चार गावे झाली. एरवी प्रवासी कॅनडात नायगारा आणि रॉकी पर्वत पाहतात. आम्ही एका लीगचा हिशेब पाहून आलो.

मॉन्ट्रियल : चारांचे तीन, दहांचे सहा

मॉन्ट्रियलच्या मध्यवस्तीत पील रस्त्यावर विंडसर नावाची एक देखणी जुनी इमारत उभी आहे. ही मूळ विंडसर हॉटेलची जोडइमारत. मुख्य हॉटेल आता राहिलेले नाही. २६ नोव्हेंबर १९१७ रोजी याच हॉटेलात क्लबचालकांची बैठक झाली आणि लीग जन्माला आली. पहिले महायुद्ध चालू होते, तरुण खेळाडू फौजेत गेले होते. पहिल्या हंगामात चार संघ उतरले, त्यांतले दोन मॉन्ट्रियलचेच. जानेवारी १९१८ मध्ये त्यांचे सभागृह आगीत जळाले आणि त्यांतल्या एका संघाने, वाँडरर्सने, कायमची रजा घेतली. उरले तीन. आजच्या अब्जावधी डॉलरच्या लीगची सुरुवात ही अशी झाली.

१९२४ मध्ये बॉस्टनचा संघ आला, अमेरिकेतला पहिला. मागोमाग न्यूयॉर्क, पिट्सबर्ग, शिकागो आणि डेट्रॉइट आले. १९२६ पर्यंत संघांची संख्या दहावर गेली. पुढे मंदी आली, दुसरे महायुद्ध आले, एकेक संघ मिटत गेला. १९४२ पासून सहाच उरले : मॉन्ट्रियल, टोरांटो, बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो आणि डेट्रॉइट. त्यांना आजही ‘मूळ सहा’ म्हणतात. प्रत्यक्षात १९१७ च्या मूळ संघांपैकी त्यांत फक्त मॉन्ट्रियल आणि टोरांटो आहेत. पण ज्याने तग धरला त्यालाच लोक मूळ म्हणू लागतात.

पंचवीस वर्षे लीगचे दार बंद राहिले. संघ सहा, प्रत्येकाचे वीसेक खेळाडू. म्हणजे सगळ्या खंडात मिळून सव्वाशेच्या आसपास जागा. सहाही शहरे एकमेकांपासून रेल्वेने गाठण्याजोगी होती. पुढे जेट विमाने आली आणि लॉस एंजेलिस एका झोपेच्या अंतरावर आले. दूरचित्रवाणीच्या कंपन्यांना सगळ्या अमेरिकेत दाखवता येईल असा खेळ हवा होता. १९६७ मध्ये लीगने एका फटक्यात सहाचे बारा संघ केले. लॉस एंजेलिस, ओकलंड, सेंट लुईस, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया आणि मिनेसोटा अशा सहा ठिकाणी नवे संघ आले. प्रत्येकाचे प्रवेशशुल्क वीस लाख डॉलर होते.

सहाच्या सहा अमेरिकेत. ते साल कॅनडाच्या शताब्दीचे होते आणि व्हँकूव्हर शहराने रीतसर अर्ज केला होता. तो नाकारला गेला. कॅनडातल्या दूरचित्रवाणीच्या उत्पन्नात टोरांटो आणि मॉन्ट्रियलला तिसरा वाटेकरी नको होता, असे तेव्हापासून बोलले जाते. देशभर संताप उसळला. व्हँकूव्हरला संघ मिळाला तो १९७० मध्ये, आणि तोवर शुल्क साठ लाखांवर गेले होते.

नवा संघ खेळाडू कुठून आणतो, तेही सांगायला हवे. जुने संघ आपले मोजके खेळाडू राखून ठेवतात. उरलेल्यांतून नव्याने निवड करायची. घरात पाहुणा आला म्हणून ताट वाढावे, पण बोटी आधीच काढून ठेवाव्यात, तसा हा प्रकार. सहा नव्या संघांचा एक वेगळा गट केल्यामुळे त्यांतला एक अंतिम फेरीत जाणार हे ठरलेलेच होते. सेंट लुईस सलग तीन वर्षे अंतिम फेरीत गेला आणि तिन्ही वेळा एकही सामना न जिंकता परतला.

क्युबेक सिटी : सभागृह आहे, संघ नाही

मॉन्ट्रियलहून क्युबेक सिटी आगगाडीने तीन-सव्वातीन तासांवर आहे. खिडकीतून दोन्ही बाजूंना पांढरी शेते दिसतात. जुन्या शहराला दगडी तट आहे, खाली सेंट लॉरेन्स नदीत बर्फाच्या लाद्या तरंगत असतात. बोली फ्रेंच, दुकानांच्या पाट्या फ्रेंच, आणि आपल्या भाषेचा अभिमान असा की आपल्याला आपल्या घरचा वाटावा.

इथला संघ होता नॉर्डिक्स, म्हणजे उत्तरेकडचे लोक. निळ्या सदऱ्यावर क्युबेक प्रांताच्या झेंड्यावरचेच फूल. हा संघ मूळचा लीगचा नव्हे. १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही प्रतिस्पर्धी लीग निघाली आणि मोठ्या लीगने ज्यांना विचारले नव्हते अशा गावांना तिने संघ दिले. सात वर्षांत ती कर्जात बुडाली. तिचे चार संघ मोठ्या लीगने सामावून घ्यावेत, असा ठराव १९७९ मध्ये आला : क्युबेक, एडमंटन, विनिपेग आणि अमेरिकेतले हार्टफर्ड. पहिल्या मतदानात तो पडला. विरोधात मत देणाऱ्यांत मॉन्ट्रियलचा संघ होता आणि त्याची मालकी एका बिअर कंपनीकडे होती. क्युबेक, एडमंटन आणि विनिपेगच्या लोकांनी त्या कंपनीच्या मालावर बहिष्कार टाकला. थोड्याच दिवसांत मॉन्ट्रियलचे मत फिरले. कॅनडाची तीन गावे लीगमध्ये आली ती लोकांनी खिशाची ताकद दाखवली म्हणून, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग क्युबेक आणि मॉन्ट्रियल यांच्यात अशी चुरस सुरू झाली की एकाच घरातले भाऊ दोन बाजूंना बसू लागले. पण १९९० नंतर हिशेब बिघडला. खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये, तिकिटांची कमाई कॅनडाच्या डॉलरमध्ये, आणि कॅनडाचा डॉलर घसरत चाललेला. मे १९९५ मध्ये नॉर्डिक्स विकले गेले आणि अमेरिकेतल्या डेन्व्हरला हलले. शेवटच्या हंगामात साखळी सामन्यांत ते पूर्व विभागात पहिले होते. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, कोलोरॅडो अव्हलांच या नव्या नावाने त्याच संघाने स्टॅन्ली चषक जिंकला. वर्षानुवर्षे झाड वाढवावे आणि पहिला आंबा परक्याच्या अंगणात पडावा, तसे झाले.

शहराने आशा सोडली नाही. २०१५ मध्ये सुमारे ३७ कोटी कॅनडियन डॉलर खर्चून अठरा हजार आसनांचे नवे सभागृह उघडले. पैसा शहराचा आणि प्रांत सरकारचा, म्हणजे लोकांचाच. संघासाठी रीतसर अर्जही गेला. २०१६ च्या जूनमध्ये लीगने निर्णय दिला : नवा संघ वाळवंटातल्या लास व्हेगसला. क्युबेकचा अर्ज पुढे ढकलला. आम्ही त्या सभागृहाला बाहेरून प्रदक्षिणा घातली. इमारत उत्तम आहे. आत जलसे होतात, तरुण मुलांच्या स्पर्धा होतात. टोपीवर आणि सदऱ्यावर नॉर्डिक्सचे निळे चिन्ह मिरवणारी माणसे मात्र रस्त्यात अजून भेटतात, आणि त्यांतली कितीतरी संघ गेल्यानंतर जन्मलेली आहेत.

टोरांटो : चषक आणि दक्षिणेची वाट

टोरांटोत यंग आणि फ्रंट रस्त्यांच्या कोपऱ्यावर बँकेची एक जुनी इमारत आहे. तिथे हॉकीचे संग्रहालय आहे. गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२ मध्ये देऊ केलेले मूळ चांदीचे पात्र तिथल्या बँकेच्या तिजोरीच्या खोलीत ठेवले आहे. जिंकणाऱ्या खेळाडूंची नावे चषकाच्या पट्ट्यांवर कोरतात. पट्ट्या भरल्या की सर्वांत जुनी काढून तिजोरीत ठेवतात. भाच्याने टोरांटोचे शेवटचे साल दाखवले : १९६७. “मामू, मूळ सहाच्या काळात जिंकलो ते शेवटचे. बारा संघ झाले आणि आमची गाडी सुटली,” तो म्हणाला. मामींनी त्याला सबुरीचा सल्ला दिला. तो म्हणाला की सबुरीच्या बाबतीत टोरांटोवाल्यांना कोणी शिकवायला नको.

लीग दक्षिणेकडे कशी वळली, याचा एक टप्पा म्हणजे ९ ऑगस्ट १९८८. त्या दिवशी एडमंटनने वेन ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला देऊन टाकले. या खेळाचा सर्वांत मोठा खेळाडू जिथे बर्फ पडत नाही तिथे गेला आणि कॅलिफोर्नियातली मुले काठ्या मागू लागली. त्यानंतर सॅन होजे, टँपा, अनाहाइम, मायामीजवळचा फ्लोरिडा पँथर्स, नॅशव्हिल आणि अटलांटा असे संघ येत गेले. त्या लाटेत कॅनडाला एकच संघ मिळाला, १९९२ मध्ये ओटावाला. शुल्क ५ कोटी, मग ८ कोटी, २०१७ मध्ये लास व्हेगसला ५० कोटी आणि २०२१ मध्ये सिअॅटलला ६५ कोटी डॉलर. ही रक्कम आधीच्या संघांच्या मालकांत वाटली जाते. दार उघडण्याची घाई कोणाला असते, हे यावरून कळते.

१९९३ च्या जूनमध्ये मॉन्ट्रियलने चषक जिंकला. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत फ्लोरिडाचा संघ पहिल्यांदा बर्फावर उतरला. त्यानंतर २०२५ पर्यंत कॅनडाच्या एकाही संघाला चषक मिळालेला नाही, आणि २०२४ व २०२५ ची दोन्ही वर्षे फ्लोरिडाची आहेत.

लंडन : चषक मस्जिदीत

टोरांटोच्या पश्चिमेला दोन तासांवर लंडन नावाचे गाव आहे. तिथल्या नदीचे नावही थेम्सच. ऑक्सफर्ड रस्त्यावरच्या लंडन मुस्लिम मस्जिदीत आम्ही जुम्याची नमाज अदा केली. १९६४ साली सुरू झालेली ही मस्जिद कॅनडातल्या सर्वांत जुन्या मस्जिदींपैकी एक. बाहेर गाड्यांवर बर्फ साचलेले, आत लेबनॉन, सोमालिया, पाकिस्तान आणि बांगलादेशची माणसे खांद्याला खांदा लावून उभी.

याच गावात नाझेम कादरी वाढला. आजोबा लेबनॉनमधून आलेले. हॉकी हा महागडा खेळ आहे : बूट, चिलखतासारखा पोशाख, सभागृहातल्या बर्फाचे तासावर भाडे, पहाटेचे सराव. परदेशातून येऊन संसार उभा करणाऱ्या घरांना तो सहसा परवडत नाही. कादरी २००९ मध्ये टोरांटोकडून निवडला गेला, पुढे कोलोरॅडोला गेला. तोच कोलोरॅडो, जो आधी क्युबेकचा होता. २०२२ च्या मे महिन्यात सेंट लुईसच्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि त्याला वांशिक शिवीगाळ व धमक्या आल्या, इतक्या की पोलिसांना लक्ष घालावे लागले. पुढच्या सामन्यात त्याने त्याच सेंट लुईसच्या बर्फावर तीन गोल केले. अंतिम फेरीत, अंगठ्यावर शस्त्रक्रिया झालेली असताना, जादा वेळेत एका सामन्याचा निर्णायक गोलही त्याचाच. स्टॅन्ली चषक जिंकणारा तो पहिला मुस्लिम खेळाडू ठरला.

विजेत्या संघातल्या प्रत्येकाला एकेक दिवस चषक जवळ ठेवायला मिळतो. ऑगस्ट २०२२ मध्ये कादरीने तो आपल्या गावी आणला आणि या मस्जिदीत नेला. त्याच्या वर्षभर आधी, ६ जून २०२१ रोजी, याच लंडनमध्ये संध्याकाळी फिरायला निघालेल्या एका मुस्लिम कुटुंबावर एकाने द्वेषापोटी गाडी घातली होती. तीन पिढ्यांतली चार माणसे गेली, एक लहान मुलगा वाचला. त्या दुःखातून न सावरलेल्या जमातीच्या मुलांनी तो चषक हाताळला. नमाजनंतर आम्ही चहा घेत असताना एका बुजुर्गांनी त्या दिवसाची आठवण सांगितली. म्हणाले, “त्या दिवशी आमच्या मुलांना वाटले, हे गाव आपलेही आहे.”

लीग वाढली नसती तर कादरीला जागा मिळालीच नसती, असे आम्ही म्हणणार नाही. तो मोठा खेळाडू आहे. पण सव्वाशे जागांच्या बंद दाराआड आणि ३२ संघांच्या उघड्या बाजारात फरक आहे. क्युबेकच्या माणसाला जो बदल लुटीसारखा वाटतो, त्यातूनच लंडनच्या या मुलांचा दिवस आला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

विनिपेग : गेलेला संघ परत आला

टोरांटोहून विमानाने अडीच तास पश्चिमेला, सपाट गवताळ प्रदेशाच्या मधोमध विनिपेग. २०२१ मध्ये वस्ती साडेआठ लाखांच्या आत होती. आम्ही उतरलो तेव्हा पारा उणे २६ वर होता आणि टॅक्सीवाल्याने आज हवा बरी आहे असे सांगितले. डोळ्यांच्या पापण्यांवर बर्फ जमतो म्हणजे काय, ते तिथे कळले.

पोर्टेज आणि मेन हा इथला प्रसिद्ध चौक. १९७२ मध्ये याच चौकात बॉबी हल या नामांकित खेळाडूला दहा लाख डॉलरचा अवाढव्य आकाराचा धनादेश देऊन विनिपेग जेट्सने मोठ्या लीगला आव्हान दिले होते. १९७९ मध्ये जेट्स मोठ्या लीगमध्ये आले. १९८७ पासून बाद फेरीच्या सामन्यांना सगळ्यांनी पांढरे कपडे घालून येण्याची रीत पडली. खाली बर्फ पांढरा, वर माणसे पांढरी.

मग क्युबेकला जे झाले तेच इथेही झाले. १९९५ मध्ये संघ वाचवण्यासाठी हजारो लोक नदीकाठच्या फोर्क्स मैदानावर जमले. लहान मुलांनी गल्ले फोडून पैसे आणले. एक हंगाम पुढे ढकलला गेला इतकेच. २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटकडून हरल्यावर जेट्स फिनिक्सच्या वाळवंटात गेले. तेमू सेलाने या फिनलंडच्या तरुणाने १९९२-९३ मध्ये विनिपेगसाठी पहिल्याच हंगामात ७६ गोल केले होते. नवख्यांतला तो विक्रम अजून अबाधित आहे. पण लीगच्या कागदपत्रांत तो संघाबरोबर फिनिक्सला गेला. जावई मुलगी घेऊन गेला, आणि बारशाचे फोटोसुद्धा.

पंधरा वर्षे गाव दुय्यम दर्जाच्या लीगवर राहिले. तेवढ्यात २००४ मध्ये पोर्टेज रस्त्यावर, पाडलेल्या मोठ्या दुकानाच्या जागी, नवे सभागृह झाले. २००४-०५ चा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात संपूर्ण रद्द झाला आणि त्यातून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर मर्यादा आली. लहान गावांना यामुळे श्वास घेता आला. ३१ मे २०११ रोजी जाहीर झाले की अटलांटाचा संघ विनिपेगला येतो आहे. लोक त्याच पोर्टेज आणि मेनच्या चौकात नाचले. हंगामाची १३ हजार तिकिटे खपवायची अट होती. खुल्या विक्रीत उरलेली तिकिटे काही मिनिटांत संपली.

इथे एक क्षण अटलांटाचाही विचार करावा. त्या शहराचा पहिला संघ १९८० मध्ये कॅनडातल्या कॅलगरीला गेला, दुसरा २०११ मध्ये विनिपेगला. तिथेही मुले रडलीच असतील. आणि फिनिक्सला गेलेले जुने जेट्स? ते दिवाळखोरीतून गेले, अखेरीस विद्यापीठाच्या पाच हजारांहून कमी आसनांच्या सभागृहात खेळले आणि २०२४ मध्ये तिथला संघ सॉल्ट लेक सिटीला हलला. वाळवंटातही आता चाहते संघ गेल्याचे दुःख करतात.

आम्ही वरच्या मजल्यावरची तिकिटे काढली. सभागृह पंधरा हजारांचे, लीगमधल्या लहानांपैकी एक. राष्ट्रगीतात एका ठिकाणी सगळे सभागृह दोन शब्द गर्जून म्हणते. तेच शब्द संघ परत आणणाऱ्या कंपनीचे नाव आहेत. शेजारी एक आजी नातवाला खेळ समजावत होत्या. आमच्या चेहऱ्यांवरचा गोंधळ पाहून त्या आम्हांलाही समजावू लागल्या. आमच्या पुढच्या दोन रांगांत बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या.

त्या खुर्च्यांचीच गावात चर्चा आहे. २०२४ च्या सुमारास हंगामी तिकिटे तेरा हजारांवरून साडेनऊ हजारांच्या आसपास घसरली होती. मालकांनी उघड चिंता व्यक्त केली, लीगचे आयुक्त गॅरी बेटमन गावात येऊन गेले. महागाई आहे, साथीच्या काळापासून घरी बसून पाहायची सवय लागली आहे, आणि लहान गावात मोठ्या कंपन्या थोड्या. १९९६ कोणी विसरलेले नाही. आजींनी मध्यंतरात सांगितले की त्यांचे हंगामी तिकीट आता चार घरांत मिळून आहे. एका घराला दहा सामने येतात. “एकटीला झेपत नाही, पण सोडले तर ते पुन्हा घेऊन जातील.”

संघ कोणाच्या मालकीचा, हे कागदावर स्पष्ट असते. मालक तो विकू शकतो, हलवू शकतो, नाव बदलू शकतो. पण पंधरा हजार माणसांनी उणे तीसमध्ये घराबाहेर पडून यावे, ही गोष्ट त्या कागदात नसते आणि ६५ कोटींना विकतही मिळत नाही. लीगने ती पुन:पुन्हा गृहीत धरली. विनिपेगच्या लोकांनी तिची किंमत एकदा मोजली आहे. म्हणूनच चार घरे मिळून एक तिकीट घेतात.

दुसऱ्या दिवशी फोर्क्सला गोठलेल्या नदीवरून चाललो. नदीवरच बर्फ साफ करून घसरण्याची लांब वाट केलेली असते, ती फुकट आहे. मुले दोन बूट उभे करून त्यांच्यामध्ये गोल मारत होती. त्यांतल्या एकाच्या सदऱ्यावर जेट्सचे जुने चिन्ह होते, १९९६ च्या आधीचे. तो असेल नऊ-दहा वर्षांचा.